लेलेती खुमालो : साराफिनानंतर ही बाई गेली कुठे?

मुग्धा_के

प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगते.

परवा एका ग्रुपवर श्वासवरून वाद चालला होता. २००४ साली श्वास भारताकडून ऑस्करला गेला, लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवले, आणि शेवटच्या पाचात काही आला नाही, तर तो यायला हवा होता की नव्हता वगैरे नेहमीचंच. म्हटलं त्या वर्षी पाचात कोण होतं ते तरी बघू. स्पेनचा द सी इनसाइड जिंकला, बाकी जर्मनीचा डाउनफॉल, एक फ्रान्सचा, एक स्वीडनचा आणि पाचवा दक्षिण आफ्रिकेचा येस्टरडे. हा पाचवा मी आयुष्यात ऐकला नव्हता. शोधून बघितला आणि आता डोक्यातून जात नाहीये.

पूर्ण सिनेमा झुलू भाषेत आहे. झुलूलँडमधलं एक कोरडं ठक्क खेडं, तिथे एक बाई आणि तिची छोटी मुलगी, नवरा जोहान्सबर्गला खाणीत कामाला. बाईला खोकला लागलाय, ती मुलीचं बोट धरून तासन्‌तास चालत दवाखान्यात जाते, तिथे ही मोठी रांग, आणि एक माणूस येऊन रांग मोजतो आणि मध्येच थांबून सांगतो की डॉक्टर आज एवढेच तपासणार, बाकीच्यांनी पुढच्या मंगळवारी या. ती ज्या पद्धतीने ते ऐकून घेते ना! चिडत नाही, रडत नाही, कपाळावर आठीसुद्धा नाही, नुसती मुलीकडे बघते आणि उठते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत आयुष्य घालवलेल्या बायका अशाच उठतात, मी माझ्या आजोळी बघितलंय.

मग बाईंबद्दल शोधलं. नाव लेलेती खुमालो. १९७० चा जन्म, डर्बनजवळच्या क्वामाशू नावाच्या वस्तीतला. आणि ही सतरा वर्षांची असताना न्यूयॉर्कला पोचली होती! साराफिना नावाच्या म्युझिकलमध्ये मुख्य भूमिका, ब्रॉडवे म्हणजे तिथली मोठी व्यावसायिक रंगभूमी, १९८८ ला टोनीचं, म्हणजे तिथल्या नाटकांच्या ऑस्करचं, नॉमिनेशन. नंतर त्याच नाटकाचा सिनेमा, त्यात हॉलिवूडची व्हूपी गोल्डबर्ग. आणि पुढे? हॉटेल रवांडात छोटा रोल, इन्व्हिक्टसमध्ये अजून छोटा, आणि बाकी सगळ्या टीव्ही मालिका. म्हणजे रोजच्या रोज चालणाऱ्या डेली सोप.

तर प्रश्न असा की झालं काय? अठराव्या वर्षी टोनीपर्यंत गेलेली, नंतर येस्टरडेसारखं काम करून दाखवलेली नटी, तिचं पुढे एवढंच कसं? हॉलिवूडने दारं लावली की तिलाच जायचं नव्हतं? कुणी नाटक, सिनेमा, मालिका, यातलं काही बघितलं असेल तर लिहा प्लीज.

टिवल्याबावल्या

यादीत टाकला. रडका आहे का खूप? तसं असेल तर शनिवारी बघेन, रविवारी नको.

नाट्यवेडा

वा, या बाईंवर मराठीत कुणी धागा काढेल असं वाटलं नव्हतं. मी साराफिनाचा सिनेमा फार पूर्वी व्हीसीआरवर बघितला होता आणि त्या नाटकाच्या नादाने बरंच काही वाचलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी ते नाटक कुठून आलं ते बघा. म्बोंगेनी एन्गेमा हा तिकडचा लेखक-दिग्दर्शक. त्याचं आणि पर्सी म्टवाचं वोझा अल्बर्ट हे नाटक आधीच गाजलेलं, दोनच नट आणि सेट जवळपास नाहीच. मग त्याच्या डोक्यात आलं की सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतल्या पोरांवर म्युझिकल करायचं. १६ जून १९७६ ला सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर आली, कारण सरकारने अर्धे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, शिकवायची सक्ती केली होती, आणि पोलिसांनी त्या मुलांवर गोळ्या घातल्या. एका पोराला उचलून दुसरा पोरगा पळतोय आणि बाजूला त्याची बहीण, तो हेक्टर पीटरसनचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो.

आता यासाठी नट कुठून आणायचे? ड्रामा स्कूल काळ्या पोरांसाठी कुठलं असणार तेव्हा. एन्गेमाने वस्त्यावस्त्यांतून पोरं गोळा केली. लेलेती क्वामाशूत अमाजिका नावाच्या ग्रुपमध्ये नाचायची, तू नोकवे नावाच्या गायिकेने घराच्या मागच्या अंगणात चालवलेला ग्रुप होता तो. १९८५ ला ऑडिशन झाली, ही पंधरा वर्षांची. एन्गेमाने तिला बघून मुख्य पात्र तिच्यासाठीच लिहिलं. पोरांना एकत्र ठेवून गाणं, नाच, श्वास, आवाज सगळं घोटून घेतलं. त्या नाटकातली जी एकदम अंगावर येणारी सामूहिक एनर्जी आहे ना, ती त्या तालमींची आहे.

१९८७ च्या जूनमध्ये जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरला पहिला प्रयोग. हे मार्केट थिएटर म्हणजे खरंच मार्केट बरं का, तिथल्या इंडियन फ्रूट मार्केटची जुनी इमारत! आपल्या लोकांनी जिथे फळं विकली तिथे पुढे वर्णद्वेषाविरुद्धची नाटकं झाली, आणि तिथे काळे-गोरे प्रेक्षक शेजारीशेजारी बसायचे, जे बाहेर बसस्टॉपवर चालत नव्हतं. ऑक्टोबरात नाटक न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला आणि १९८८ च्या जानेवारीत ब्रॉडवेवर कोर्ट थिएटरला. तिथे जवळजवळ ६०० प्रयोग झाले, दीड वर्ष. संगीत एन्गेमा आणि ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेलाचं. मासेकेला तेव्हा परागंदा, स्वतःच्या देशात पाऊल ठेवता येत नव्हतं त्याला.

आणि आता विचार करा, सतरा-अठरा वर्षांची पोरगी, घरी आणीबाणी चालू आहे, वस्तीत लष्कराच्या गाड्या फिरतायत, आणि ही आठवड्याला आठ प्रयोग करतेय मॅनहॅटनमध्ये. नाटकात शेवटी पोरं शाळेत एक नाटुकलं बसवतात, मंडेला सुटून आले तर काय होईल असं, आणि त्यात मंडेला कोण होतं तर ही साराफिना. १९८८ ला मंडेला अजून तुरुंगातच होते. ते खरंच सुटतील हे स्टेजवरच्या किती पोरांना वाटत असेल कुणास ठाऊक, पण फ्रीडम इज कमिंग टुमॉरो म्हणून गायचं रोज रात्री.

टोनीला पाच नॉमिनेशन मिळाली आणि एकही बक्षीस नाही, त्या वर्षी फँटम ऑफ द ऑपेरा होता, संपलाच विषय. लेलेतीला नॉमिनेशन सहाय्यक अभिनेत्री गटात होतं हे एक गौडबंगाल आहे, नाटकाचं नावच तिच्या पात्राचं आणि ती सहाय्यक.

अवांतर : ते कोर्ट थिएटर २०२२ पासून जेम्स अर्ल जोन्स थिएटर झालं. आणि १९९५ च्या क्राय, द बिलव्हेड कंट्री या सिनेमात जेम्स अर्ल जोन्स मुख्य भूमिकेत आणि लेलेती एका छोट्या भूमिकेत आहे. बघा कसं असतं ते.

मुग्धा_के

@नाट्यवेडा, कमाल! फ्रूट मार्केटचं तर माहितीच नव्हतं. सिनेमा कसा आहे साराफिना? मला फक्त गाण्यांचे तुकडे मिळाले.

नाट्यवेडा

सिनेमा १९९२ चा, डॅरेल रूट दिग्दर्शक, म्हणजे तुमच्या येस्टरडेचाच. थोडा खडबडीत आहे, मध्येच नाच मध्येच छळ, कुणाकुणाला ते झेपत नाही. पण दोन गोष्टींसाठी बघाच. एक म्हणजे ती पोरगी घरात मंडेलांच्या फोटोशी गप्पा मारते ते सीन. देवघरात देवाशी बोलतात ना आपल्याकडे, तक्रारी पण करतात, तसं. आणि दुसरं म्हणजे तिची आई. आई एका गोऱ्या घरात मोलकरीण आहे आणि पोरीला त्याची लाज वाटते, की तू मान खाली घालून जगतेस म्हणून. ती आई झालीये गायिका मिरियम मकेबा! तीस वर्षं देशाबाहेर काढलेली, पासपोर्ट हिसकावून घेतलेली मकेबा, १९९० ला परत आली आणि लगेच सिनेमात अशी आई झाली जी आयुष्यात कधी बंड करत नाही. तिच्यासमोर लेलेती कुठेही कमी पडत नाही.

खवचट

सगळं छान, पण धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. मी देतो, कडू आहे. तिला एका माणसाने, म्हणजे एन्गेमाने, शोधलं, त्यानेच तिच्यासाठी लिहिलं, त्याच्याशीच तिने १९९२ ला लग्न केलं. तो तिच्याहून कितीतरी मोठा, आधीची बायको असलेला. पंधराव्या वर्षापासून तिशी उलटेपर्यंत तिचं स्टेजवरचं काम जवळपास सगळं त्याचंच. न्यूयॉर्कमध्ये टोनी नॉमिनेशननंतर जे एजंट, ऑडिशन, नवे दिग्दर्शक व्हायला हवे होते ते झालंच नाही. २००५ ला वेगळे झाले तोपर्यंत ती ३५ ची. काळ्या आणि झुलू उच्चार असलेल्या ३५ वर्षांच्या बाईला हॉलिवूड काय देतं? हॉटेल रवांडात नायकाच्या मेव्हण्याची बायको. बस.

आणि मग मालिका. मालिका म्हणजे मालिका, इकडची असो की तिकडची. पाणी घातलेलं दूध. ज्या बाईने येस्टरडे केला तिने संध्याकाळच्या स्लॉटला भुवया उडवायच्या, हे वाया जाणंच आहे, त्याला कितीही चांदीचा वर्ख लावा.

सायली_पी

@खवचट लग्नाबद्दलचं बरोबर आहे पण 'वाया' पटलं नाही. येस्टरडे २००४ चा, म्हणजे अगदी त्याच काळातला जेव्हा ती त्या सगळ्यातून बाहेर पडत होती. लगेच २००५ ला तिने रूटबरोबरच फेथ्स कॉर्नर केला. जोहान्सबर्गच्या सिग्नलला दोन पोरांना घेऊन भीक मागणारी बाई, आणि सिनेमा मूक! जुन्या मूकपटासारख्या पाट्या येतात मध्ये, संगीत फिलिप ग्लासचं. म्हणजे ज्या बाईला जग गाणारी म्हणून ओळखायचं तिने आवाजच काढून टाकला. हे कुणी वाया गेलेली नटी करत नाही.

डर्बनवासी

नमस्कार, मी एरवी नुसता वाचतो पण या धाग्यावर लिहायलाच हवं, कारण मी कामानिमित्त काही वर्षं डर्बनलाच आहे आणि या बाई इथे काय आहेत ते तिकडे बसून कळणार नाही.

आधी खवचटरावांना. इथे संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला अख्खा देश टीव्हीसमोर असतो. उझालो नावाची मालिका एसएबीसी १ या वाहिनीवर २०१५ ला सुरू झाली आणि देशातल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या मालिकांत गेली. त्यात लेलेती मान्झुझा होती, म्हणजे पाद्र्याची बायको. दोन घरांतली मुलं जन्मतःच अदलाबदल झालेली, एक घर चर्चवालं आणि एक गुन्हेगारीतलं, तर मसाला भरपूर आहे हे मान्य. पण मालिका घडते कुठे माहितीये? क्वामाशूत. तिच्याच वस्तीत! आणि शूटिंग इथेच डर्बनच्या परिसरात. त्याआधी इथला बहुतेक टीव्ही जोहान्सबर्गचा असायचा, नट व्हायचं असेल तर पोरापोरींना बॅग भरून तिकडे जावं लागायचं. उझालोने क्वाझुलू-नताळ या डर्बनच्या प्रांतातल्या शेकडो लोकांना घरच्या जवळ काम दिलं. आमच्या ऑफिसात रिसेप्शनवर बसणारी बाई क्वामाशूची आहे, ती लेलेतीचं नाव घेताना एकदम ताठ होते. ब्रॉडवेचं तिला फारसं घेणंदेणं नाही. मान्झुझा आमच्यासारखं बोलते, हे तिच्या लेखी महत्त्वाचं. शुद्ध झुलू, वस्तीतली झुलू, सासूशी बोलायची वेगळी, चर्चमधली वेगळी, ते सगळं बाईंच्या जिभेवर आहे.

उझालोच्या आधी जनरेशन्समध्ये बुसी डलोमो होती ती, भारी कपड्यातली पैसेवाली बिझनेसवुमन. आणि उझालो सोडून २०१८ ला इम्बेवू आली, त्यात ती मुख्य नटी तर होतीच पण निर्मात्यांपैकी एक पण होती. ज्या पोरीसाठी सगळे निर्णय दुसऱ्याने घेतले तिने शेवटी स्वतःची मालिका काढली, आता याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. इम्बेवूची गोष्ट आपल्याला लगेच कळेल, मोठ्या खानदानी घरातल्या मुलांचा खरा बाप नवरा नसून दीर, आणि हे घरातल्या मोठ्यांनी वंशासाठी घडवून आणलेलं. महाभारत वाचलेल्याला यात नवल नाही. त्यात एक भारतीय कुटुंब पण आहे, रामपरसाद.

आता भारतीयांचा विषय निघालाच आहे तर. डर्बनमध्ये १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या गिरमिटियांची वस्ती, आज लाखोंनी लोक, तमिळ, तेलुगू, भोजपुरी, गुजराती. आणि लेलेतीच्या बऱ्याच मोठ्या कामांमागे एक भारतीय वंशाचा निर्माता आहे, अनंत सिंग. डर्बनचाच. साराफिनाचा सिनेमा त्याचा, क्राय द बिलव्हेड कंट्री त्याचा, येस्टरडे त्याचा, आणि इम्बेवूत पण तोच भागीदार. कॉलेज सोडून सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान घेतलेला हा माणूस पुढे मंडेलांच्या आत्मचरित्रावर सिनेमा काढतो. आणि दुसरीकडे बाईंचा नवरा एन्गेमा, त्याने २००२ ला अमान्डिया नावाचं गाणं काढलं, म्हणजे भारतीय लोक, आणि त्यात डर्बनचे भारतीय काळ्यांना कसे लुबाडतात असं होतं. इतका गदारोळ झाला की मंडेलांनी त्याला माफी मागायला सांगितलं, आणि गाणं रेडिओवरून बंद झालं. एका बाईच्या आयुष्यात हे दोघं!

क्वामाशू आणि भारतीयांचं फिनिक्स अगदी लागून आहेत. गांधीजींनी १९०४ ला काढलेला फिनिक्स आश्रम तिथेच, आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये दंगलीत तो जाळला गेला. २००० साली पुन्हा उभा केला. म्हणजे लेलेती ज्या वर्षी ऑडिशन देत होती त्याच वर्षी तिच्या घरापासून थोड्या अंतरावर गांधीजींचं घर जळत होतं. क्वामाशू पण तशी आपखुशीने वसलेली वस्ती नाही, कॅटो मॅनरमधून काळ्या लोकांना हुसकून पन्नास-साठच्या दशकात तिथे नेऊन टाकलं. एकसारखी काडेपेट्यांसारखी घरं. आज गेलात तर मॉल आहे, टॅक्सीस्टँडवर ही गर्दी, आणि भिंतीवर उझालोच्या पोस्टरचे तुकडे.

टिवल्याबावल्या

@डर्बनवासी तुम्ही एरवी नुसते वाचता हा गुन्हा आहे.

खवचट

@डर्बनवासी, माहिती एक नंबर, पण माझा मुद्दा तिथेच आहे. लोकप्रिय असणं वेगळं आणि नटी म्हणून कस लागणं वेगळं. डेली सोपमध्ये दिवसाला ढिगाने सीन उरकायचे असतात, रिहर्सल नाही, रात्री हातात पानं येतात. आपल्याकडे पण प्रायोगिकवाली चांगली चांगली मंडळी मालिकेत गेली, घराचे हप्ते फिटले, आनंद आहे, मी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. पण त्यांनी मालिकेत केलेलं एक तरी काम तुम्हाला दहा वर्षांनी आठवतंय का? येस्टरडे आठवतोय ना, वीस वर्षांनी धागा निघाला.

सायली_पी

आठवतंय की. माझ्या आजीला फक्त मालिकेतलीच कामं आठवतात, सिनेमे एकही नाही. कुणाची आठवण मोजायची ते आधी ठरवा.

आरती_एमडी

मी सिनेमाची जाणकार नाही. पण येस्टरडेबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती म्हणजे तो कधी आला. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढचं वाचू नका, गोष्ट फुटेल.)

त्या बाईला एचआयव्ही असतो, नवऱ्याकडून आलेला. ती खाणीपर्यंत जाऊन नवऱ्याला सांगते तर तो तिला मारतो. काही महिन्यांनी तोच हाडाचा सापळा होऊन घरी येतो, आणि ती त्याला घरात घेते. गावातल्या बायका कुजबुजायला लागतात, दवाखान्यात जागा नाही, तेव्हा ती भंगारातले पत्रे, गाड्यांचे दरवाजे गोळा करून गावाबाहेर स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी खोली बांधते. मी संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डमध्ये काम केलंय आणि सांगते, मरणाऱ्या पेशंटचं अंग पुसताना जवळच्या माणसाचा चेहरा जसा होतो, प्रेम, राग आणि थकवा एकदम, ते तिने अचूक पकडलंय. बहुतेक सिनेमात नुसतं प्रेम दाखवतात. नवरा गेल्यावर ती घण घेऊन ती खोली फोडते, एकही शब्द नाही. तिथे कळतं की राग कुठे साठवला होता.

आणि पूर्ण सिनेमात औषध नाही हे लक्षात आलं का? डॉक्टर चांगली आहे, झुलू बोलते, पण देण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नाही. ते खरंच तसंच होतं. अध्यक्ष एम्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते, आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू खा म्हणत होत्या. ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्यावरून तिथल्या सरकारवर खटला भरला होता, तो २००१ च्या एप्रिलमध्ये मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा कंपन्यांचा भाव वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होता. तिथल्या सरकारी दवाखान्यांत ही औषधं द्यायला सुरुवात झाली २००४ मध्ये, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी. २००५ च्या जानेवारीत मंडेलांचा मुलगा एड्सने गेला आणि त्यांनी स्वतः पत्रकारांसमोर ते कारण सांगितलं, नाहीतर तोपर्यंत सगळ्यांचा मृत्यू 'टीबीने' होत असे.

त्यामुळे हे नुसतं ऑस्कर नॉमिनेशनचं काम नाही. झुलू बायकांना झुलू बाईने त्यांच्या भाषेत दाखवलं, तेही त्या वेळी. डॉक्युमेंटरीने हे झालं नसतं.

नाट्यवेडा

@आरती_एमडी, याच्याच मागे एक गंमत आहे, गंमत कसली, शोकांतिकाच. एड्सवर जनजागृतीसाठी १९९५ ला सरकारने एक नाटक काढायला सुमारे १ कोटी ४० लाख रँड दिले होते. ते नाटक म्हणजे साराफिना २, आणि लेखक एन्गेमाच. नव्या मंडेला सरकारचा पहिला मोठा घोटाळा म्हणून ते गाजलं. टेंडर कसं दिलं यावर चौकशी, नाटकात एड्सची माहितीच धड नाही म्हणून तज्ज्ञांची ओरड, शेवटी १९९६ ला गुंडाळलं. साराफिना हे नाव आधी लढ्याचं, ते पेपरात घोटाळ्याचं नाव झालं. आणि आठ-नऊ वर्षांनी मूळची साराफिनाच एका खेड्यात, बिनमेकअप, बिनगाण्याची उभी राहिली आणि जे त्या पैशाने झालं नाही ते केलं. मला तर येस्टरडे बघताना तेच दिसत होतं सारखं.

मुग्धा_के

हे सगळं वाचून माझा प्रश्नच बदलला. मी न्यूयॉर्कपासून मोजत होते म्हणून मला ती खाली येताना दिसली. पण @खवचट यांचा मुद्दा पण मला पूर्ण सोडवत नाही, येस्टरडेसारखे अजून पाच रोल तिला मिळायला हवे होते, आणि ते नाही मिळाले, ते कुणी लिहिलेच नाहीत. मालिका चांगली असली तरी ती उणीव उणीवच.

आणि एक अजून कुठेतरी वाचलं, तिला कोड आहे आणि ती त्याबद्दल उघड बोलते, ते खरं का?

सायली_पी

हो, खरं आहे. खूप वर्षांपासून आहे आणि तिने त्यावर मुलाखती दिल्यात, लपवाछपवी नाही. कॅमेऱ्यासमोर रोज उभं राहणाऱ्या बाईने हे बोलणं सोपं नाही. आपल्याकडे तर कोड म्हटलं की आधी मुलीच्या लग्नाची चिंता, मग घरातल्या बाकीच्या मुलींच्या लग्नाची. माझ्या एका मावशीने आयुष्यभर फुल बाह्यांचे ब्लाउज घातले, मे महिन्यात सुद्धा. त्यामुळे मला या बाईचं त्या टोनीपेक्षा हेच जास्त वाटतं, पण ते माझं झालं.

डर्बनवासी

इथे पण कोड म्हणजे कुणीतरी करणी केली असं मानणारे खूप आहेत. ती बोलायला लागल्यावर इथल्या रेडिओवर त्यावर फोन यायचे लोकांचे.

एन्गेमा २०२३ च्या डिसेंबरात रस्त्यावरच्या अपघातात गेला, कुठल्याशा अंत्यविधीहून परत येताना. इथे तेव्हा बरीच उलटसुलट चर्चा झाली, एकीकडे देशाचा मोठा कलावंत आणि दुसरीकडे त्याच्या आयुष्यातल्या बायकांचं काय. लोकांचं आजही एकमत नाही. पण टीव्हीवर दिवसभर दाखवत काय होते, तर शाळेच्या युनिफॉर्ममधली सतरा वर्षांची लेलेती.

@खवचट, तुम्ही इम्बेवूचे सुरुवातीचे पाच भाग बघा, त्यात जेवणाच्या टेबलावर दिरासमोर नवऱ्याला वाढतानाचं तिचं काम बघा आणि मग भुवयांबद्दल बोलू. सबटायटल इंग्रजी असतात, इथल्या सगळ्याच मालिकांना असतात, कारण एकाच सीनमध्ये चार भाषा येतात.

खवचट

पाच भाग म्हणजे पाच वेळा अर्धा तास. ठीक. बघतो. पण भुवई उडालेली दिसली तर मिनिट-सेकंदासकट इथे येऊन लिहीन.

टिवल्याबावल्या

येस्टरडे बघितला. शनिवारी. शेवटी ती पोरगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये जाते तिथपर्यंत मी ठीक होतो. ज्यांनी 'रडका आहे का' ला उत्तर दिलं नाही त्या सगळ्यांचा निषेध. आता साराफिना आधी बघू की फेथ्स कॉर्नर?

नाट्यवेडा

साराफिना. आवाज मोठा ठेवून, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून.